रेवडी चौकातलं चालू स्वच्छतागृह

हेमराज निमजेला माणसांचा तिटकारा होता. ज्यांना कॉम्प्युटर येत नाही ती माणसं त्याच्या लेखी अडाणी, आणि ज्यांना येतो ती शेफारलेली. मधल्या जागेत एकच माणूस बसत होता, आणि तो त्याला रोज सकाळी दाढी करताना आरशात भेटायचा.

घर नागपूरच्या तांडापेठेत. बाप हातमागावर लुगडी विणायचा, आजाही तेच करायचा. बाप गेल्यावर महिन्याच्या आत हेमराजने माग मोडून त्याचं लाकूड विकलं आणि त्या जागी कॉम्प्युटरचं टेबल ठेवलं. धाकटा भाऊ कळमेश्वरला कारखान्यात लागला, तेव्हा हा सगळ्या सोयऱ्यांमध्ये सांगत फिरला, "तो हात काळे करते, मी डोकं चालवतो." आता हे डोकं चालवणं म्हणजे काय, तर नागरी सुविधा कक्ष नावाच्या एका कचेरीत कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटर. बारा वर्षं झाली. दर मार्चला एजन्सी बदलायची, हेमराज तोच राहायचा, आणि दर एप्रिलला तो घरी जाहीर करायचा की यंदा पर्मनंट होण्याचं नक्की आहे. त्याच्या बायकोने, सुभद्राने, तिसऱ्या वर्षापासून हे ऐकणं सोडून दिलं होतं.

कक्षाकडे शहरातल्या सार्वजनिक स्वच्छतागृहांची यादी होती. एकूण तीनशे अठरा. प्रत्येकाची एक ओळ, आणि ओळीच्या शेवटी एक रकाना: स्थिती. त्यात दोनच पर्याय होते, चालू आणि बंद. चालू निवडलं की ओळ हिरवी व्हायची आणि काम संपायचं. बंद निवडलं की खाली आणखी अकरा रकाने उघडायचे. कधीपासून बंद, कशामुळे बंद, शेवटची पाहणी कोणी केली, जबाबदार अभियंत्याचं नाव, फोटो, दुरुस्तीची अपेक्षित तारीख, असं करत करत अकरा. ते भरले की तीन साहेबांच्या फोनवर आपोआप संदेश जायचे, आणि दुरुस्ती होईपर्यंत रोज जात राहायचे.

नोकरीला लागल्यावर पहिली काही वर्षं हेमराजनेही खरं तेच भरलं होतं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. रेवडी चौकातल्या बाजारातलं स्वच्छतागृह आठ वर्षांपूर्वी बंद पडलं. पाण्याची मोटार चोरीला गेली, सांभाळणाऱ्या माणसाने दाराला कुलूप घातलं आणि तो गेला तो गेलाच. हेमराजने बंद लिहिलं, अकराच्या अकरा रकाने भरले. तिसऱ्या दिवशी कक्षाचे प्रमुख केशव बक्षी त्याच्या टेबलापाशी आले. बक्षी साहेब म्हणजे भोसल्यांच्या काळापासून लेखणी चालवणाऱ्या घराण्यातले. आवाज कधी चढवायचे नाहीत, आणि हळू बोलून माणसाचं पाणी पाणी करायचे. "निमजे," ते म्हणाले, "माझा फोन तीन दिवस वाजतो आहे. तुमचा वाजतो का? नाही ना? मग ते चालू करा." स्वच्छतागृह नव्हे, ओळ. हेमराजने ओळ हिरवी केली आणि फोन थांबला.

त्यानंतर कक्षात एक पद्धतच पडली. महिन्याच्या एक तारखेला यादी उघडायची, पहिल्या ओळीतला चालू माऊसने धरायचा आणि तीनशे अठराव्या ओळीपर्यंत खाली ओढत न्यायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. त्याला कक्षात "महिना ओढणं" म्हणत. बक्षी साहेब चहा पिता पिता विचारायचे, "निमजे, महिना ओढला का?" आणि हेमराज म्हणायचा, "ओढला साहेब." एवढ्यावर एका मोठ्या शहराची सोय दर महिन्याला शंभर टक्के होत होती. ह्या कामासाठी हेमराजला बसायला फिरती खुर्ची होती आणि तो तिच्यावर असा बसायचा की जणू रिझर्व्ह बँक सांभाळतो आहे.

आता सुभद्रा. ती मूळची खाप्याची, कोष्ट्याचीच लेक. लग्नानंतर चार वर्षांत तिला कळून चुकलं की नवऱ्याच्या डोक्यावर घर चालायचं नाही. तिने रेवडी चौकाच्या बाजारात एक फळकूट मिळवलं आणि परकर, ब्लाउजपीस, साडीचे फॉल विकायला सुरुवात केली. सकाळी दहाला बसायचं ते रात्री आठला उठायचं. तिच्या आजूबाजूला बांगड्यावाल्या, भांडीवाल्या, मसालेवाल्या धरून एक्केचाळीस बाया. त्या बाजारात बाईमाणसाला जायला जागा नव्हती. जी होती तिला कुलूप होतं. म्हणून बाया पाणी पीत नसत. एप्रिलच्या उन्हात, जेव्हा डांबर चपलेला चिकटतं, तेव्हासुद्धा त्या ओठ ओले करून बाटली ठेवून द्यायच्या. अगदीच असह्य झालं तर तीन गल्ल्या ओलांडून एका शिंपिणीच्या घरी जायचं, आणि तिच्या सासूचं तोंड बघायचं.

सुभद्राला दोनदा लघवीचा त्रास होऊन ताप आला होता. दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाई चिडल्याच. "तीन लिटर पाणी प्यायचं रोज. मूत्रपिंडावर सूज आहे. आता ऐकलं नाही तर पुढच्या वेळी गोळ्यांवर भागणार नाही," असं त्यांनी कागदावर लाल रेघ ओढून सांगितलं. सुभद्राने कागदाची घडी करून कनवटीला लावली आणि घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "पाणी तं पिईन जी, पण ते सोडू कुठी?"

हेमराजने त्यावर जे केलं ते त्याच्या स्वभावाला धरूनच होतं. त्याने अर्ज लिहिला. उत्तम अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, "उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की", सगळं जिथल्या तिथे. एक्केचाळीस बायांच्या सह्या आणि अंगठे घेतले. आपल्याच कचेरीत तो आपल्याच हाताने आवक केला, वर गोल शिक्का मारला आणि घरी येऊन सांगितलं, "असा अर्ज अख्ख्या नागपुरात कोणाले लिहिता येत नाही." ज्या कुलपाविषयी अर्ज होता, ते कुलूप आपण स्वतः दर एक तारखेला उघडं म्हणून लिहितो, ही गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही असं नाही. आली, आणि टेबलावरची माशी हाकलावी तशी त्याने ती हाकलली. अर्ज हे एक काम होतं आणि यादी हे दुसरं काम होतं. दोन कामांची सरमिसळ करणारी माणसं त्याला आवडत नसत.

अर्जावर बक्षी साहेबांनी शेरा मारला: "स्पर्धेच्या निष्कर्षानुसार पाहावे."

स्पर्धा म्हणजे त्या वर्षीचं नवं खूळ. सरकारी माहिती जनतेसाठी खुली करायची, आणि मग कॉम्प्युटरच्या पोरापोरींनी त्या माहितीवरून ॲप बनवायचं. जे ॲप पहिलं येईल ते दाखवील की शहरात बायकांसाठी स्वच्छतागृहं नेमकी कुठे कमी आहेत, आणि तिथे नवी बारा बांधायची. कोणा नगरसेवकाचा हट्ट नाही, कोणाची चिठ्ठी नाही, शुद्ध माहितीवर निर्णय. असं पत्रकात छापलं होतं, आणि ते छापणाऱ्याला स्वतःचंच फार कौतुक वाटलेलं दिसत होतं. हेमराजने सुभद्राला सांगितलं, "आता तुह्या चौकाचं काम झालंच समज. कम्प्युटर ठरवणार आहे."

"कम्प्युटरले माहीत आहे का, कुलूप आहे म्हणून?" सुभद्राने विचारलं.

"त्याले सगळं माहीत राहते वं," हेमराज म्हणाला.

बेसा रोडवरच्या एका कॉलेजच्या वातानुकूलित सभागृहात तीन दिवस स्पर्धा चालली. साठ-सत्तर पोरं सारखे टी-शर्ट घालून पालथी पडली होती. कोणी जमिनीवर, कोणी खुर्च्या जोडून, तोंडात पिझ्झा आणि मांडीवर लॅपटॉप. बाहेर शहर होतं, त्यात तीनशे अठरा जागा होत्या, आणि त्यातली एक तरी बघून यावी असं सत्तरांतल्या एकालाही वाटलं नाही. ज्या ठिकाणी बाया पोट दाबून बसतात त्याला ही पोरं "डेटा पॉइंट" म्हणत होती. दर दोन तासांनी कोणीतरी पाहुणा यायचा आणि तरुणाईच्या ऊर्जेविषयी बोलून जायचा. सभागृहाच्या दाराशी मात्र चकचकीत स्वच्छतागृहं होती, बायकांची तीन, पुरुषांची तीन, आणि हात सुकवायचं यंत्रसुद्धा.

हेमराजला तिथे मदतकक्षावर बसवलं होतं. पोरांना माहितीबद्दल काही अडलं तर त्याने सांगायचं. दोन दिवस त्याला कोणी काही विचारलं नाही. तो आपला बसून एकेकाची टिंगल मनातल्या मनात करत राहिला. हा पोट्टा बापाच्या पैशावर आला. ही पोट्टी इंग्रजी झाडून राहिली. ह्यांना एक अर्ज धड लिहायला लावा, रडतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी नूपुर नावाची एक मुलगी त्याच्या टेबलापाशी आली. बारीक, चष्मेवाली, हातात वही. लॅपटॉपच्या गर्दीत वही आणलेली ती एकटीच. तिच्यामागे तिचा जोडीदार आर्यन फोनवर बोलत उभा होता.

"सर, एक विचारू का?" ती म्हणाली. "ह्या यादीत तीनशे अठरापैकी एकही बंद नाही. आठ वर्षांत एकही नाही. आमच्या कॉलेजातलं तर महिन्यातून दोनदा बंद असतं. असं कसं काय?"

आठ वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. ना बक्षी साहेबांनी, ना ऑडिटवाल्यांनी, ना त्या पाहुण्यांपैकी कोणी. आणि उत्तर त्याच्या ओठावर होतं. रेवडी चौकातलं बंद आहे, एवढे चार शब्द. ते बोलायला पाच सेकंद लागली नसती. तेवढ्यात त्या पोरीने वहीत रेवडी चौक लिहिलं असतं, आणि सुभद्राला पुढच्या उन्हाळ्यात पाणी पिता आलं असतं. हे त्याला पक्कं कळत होतं. पण समोरच्या रांगेत बक्षी साहेब पाहुण्यांशी बोलत बसले होते, आणि कंत्राटाची सही अजून व्हायची होती. आणि खरं सांगायचं तर भीती नंतर आली. आधी आला तो राग. कालची पोर, बेशाच्या फ्लॅटमध्ये राहणारी, ती मला विचारते की असं कसं? माझ्या यादीत चूक काढते?

"मॅडम, सरकारी डेटा आहे," हेमराज खुर्चीत मागे रेलून म्हणाला. "फिल्डवरून येते."

"म्हणजे कोणीतरी जाऊन बघतं?"

"तुमचं काम ॲप बनवायचं आहे. तपासणीचं नाही. तपासणी करणारे लोक बसले आहेत."

नूपुरचा चेहरा एवढासा झाला. "सॉरी सर," ती म्हणाली, "मला तसं म्हणायचं नव्हतं." तिने वहीतल्या प्रश्नावर काट मारली. आर्यन म्हणाला, "चल ना, गव्हर्न्मेंट सोर्स आहे, विषय संपला." ती निघून गेली. हेमराजने पाठ थोपटून घ्यावी तसा चहा मागवला आणि सबंध दुपार मोठ्या मजेत घालवली. कसं गप्प केलं!

पहिला नंबर त्यांचाच आला. मंचावर नूपुर बोलली, आर्यनने पडद्यावर नकाशा दाखवला. हिरव्या ठिपक्यांचं शहर. जिथे हिरवा ठिपका नाही तिथे बारा लाल खुणा, नवी बांधायची त्यांच्या. त्यातल्या चार तर बेशापलीकडच्या अशा ले-आऊटात पडल्या, जिथे अजून खांब आणि गवत ह्यांखेरीज कोणी राहायला गेलेलं नाही. रेवडी चौक ठसठशीत हिरवा होता.

हेमराज मागच्या भिंतीला टेकून उभा होता. ते हिरवं बघून त्याला सुभद्राची न प्यायलेली बाटली आठवली, हेही खरं. पण पुढच्याच क्षणी नूपुर माईकवर म्हणाली, "ह्या माहितीमागे ज्यांचे कष्ट आहेत त्यांचं नाव कधीच कुठे येत नाही. आम्ही ठरवलं की आमच्या ॲपमध्ये ते आलं पाहिजे. हेमराज निमजे सर, प्लीज वर या." काल त्याचं मन दुखावलं म्हणून पोर बिचारी भरपाई करत होती. टाळ्या पडल्या. हेमराज वर गेला. प्लास्टिकच्या कुंडीतलं रोपटं आणि चौकटीतलं प्रमाणपत्र घेतलं, बक्षी साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, फोटो निघाला. ती बाटली कुठल्या कुठे गेली. हेमराज इतका फुलला की घरी जाताना त्याने ऑटो केला आणि प्रमाणपत्र मांडीवर उभं धरलं, रस्त्यावरच्यांना वाचता यावं म्हणून.

चार दिवसांनी ते ॲप सगळ्यांसाठी खुलं झालं. बाजारात सुभद्राच्या शेजारी बसणाऱ्या सुमती बांगडीवालीने ते फोनवर घेतलं. आठ-दहा बाया भोवती जमल्या. ॲपमधली बाई गोड आवाजात म्हणाली की आपल्या सर्वांत जवळचं महिला स्वच्छतागृह चाळीस मीटरवर आहे आणि ते चालू स्थितीत आहे. बायांनी माना वळवून चाळीस मीटरवर पाहिलं. गंजलेलं कुलूप होतं, त्यावर कोचिंग क्लासची जाहिरात चिकटवलेली होती. मग सुमतीने खालची ओळ वाचली. "माहितीची खात्री केली: हेमराज निमजे." तिने दोनदा वाचली आणि हळूच म्हणाली, "सुभद्रे, हे तुहेच मिस्टर ना वं?"

सुभद्राने फोन हातात घेऊन ती ओळ स्वतः वाचली. तिने त्या दिवशी दुकान सहालाच आवरलं. लाज वाटली म्हणून, आणि कळ सोसवत नव्हती म्हणूनही.

हेमराज घरी भिंतीत खिळा ठोकत होता, प्रमाणपत्रासाठी.

"रेवडी चौकातलं चालू आहे म्हणून तुम्ही लिवलं?" तिने विचारलं.

"मी कायले लिहीन? सिस्टिममध्ये येते ते."

"नाव तुमचं आहे खाली."

हेमराजने हातोडी खाली ठेवली. मग तो समजावून सांगू लागला, अडाण्याला सांगावं तसं. बंद लिहिलं की अकरा रकाने उघडतात. फोटो लागतो. साहेबांच्या फोनवर संदेश जातात. कंत्राट मार्चपासून लटकलेलं आहे. "अकरा रकाने वं, सुभद्रे. तुले काय माहीत, केवढं काम राहते."

"त्या पोरीनं इचारलं नाही तुमाले? कोणीच इचारलं नाही?"

हेमराजने प्रमाणपत्राकडे पाहिलं. "विचारलं होतं एकीनं," तो म्हणाला. "चांगली जिरवली मी तिची."

सुभद्राने त्या चौकटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. वीस वर्षं ज्या माणसाला ती जेवायला वाढत आली, तो इतका क्षुद्र असेल असं तिला वाटलं नव्हतं. हुशार नाही हे माहीत होतं. भित्रा आहे हेही माहीत होतं. पण आपली फुशारकी त्याला बायकोच्या जिवापेक्षा मोठी वाटते, हे तिने आज प्रथम पाहिलं. तिला रडू आलं नाही, किळस आली.

"उद्या रविवार आहे," ती म्हणाली. "माह्यासंग दुकानावर बसा. दिवसभर. मी जसं सांगीन तसं पाणी प्यायचं, तीन लिटर. एकच दिवस बसून पाहा, मंग सांगा मले अकरा रकाने."

"बसतो ना," हेमराज म्हणाला. "त्यात काय आहे? बसाचं तं आहे."

रविवारी दहा वाजता तो दुकानावर येऊन बसला. आल्या आल्या त्याने परकरांच्या गठ्ठ्यांची मांडणी चुकीची आहे असं सांगितलं. बाया येऊन जाऊन त्याच्याकडे बघत होत्या. त्याला वाटलं, फोटो बघितला असणार. सुभद्राने पहिला ग्लास दिला, तो त्याने प्यायला. अकराला दुसरा. बाराला तिसरा. सुमतीने बांगड्यांचा डबा बाजूला ठेवला. मसालेवाली गिऱ्हाईक सोडून पुढे सरकली. सगळ्या एक्केचाळीस जणी आपापल्या जागेवरून त्या माणसाकडे बघत होत्या, आणि सुभद्राच्या मनात अजूनही, सगळं बघून झाल्यावरही, एक आशा होती. आता त्याला कळ येईल. आता तो चुळबुळ करील, इकडेतिकडे बघेल, आणि त्याला एकदाचं कळेल.

साडेबाराला हेमराजने चुळबुळ केली. मग तो उठला. "आलोच," म्हणाला, कुलूप लावलेल्या स्वच्छतागृहाच्या बाजूला गेला, बाजारातले सगळे पुरुष आठ वर्षं जिथे उभे राहत होते तिथे भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, निवांत मोकळा झाला, आणि पँटची चेन ओढत परत आला.

"काय मोठं अवघड आहे?" तो बसत म्हणाला. "उगाच बाऊ करता तुम्ही बाया. पण तुह्यासाठी म्हणून सांगतो, यंदा पर्मनंट झालो की लिहितो ते बंद म्हणून."

"राहू द्या," सुभद्रा म्हणाली. "तुमच्यासाठी तं ते चालूच आहे."

हेमराजला वाटलं, आली बाई ताळ्यावर. त्याने मान डोलावली, ऐसपैस मांडी घातली आणि ग्लास पुढे करून चौथ्यांदा पाणी मागितलं.